फणसाला दम

परवा नातीनं मला तिच्या मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणीशी नाजूक बाई गच्चीवरच्या कुंडीतल्या टोमॅटोशी अगदी हळू आवाजात बोलत होती. झाडांशी प्रेमानं बोललं की ती भरभरून फळतात, असं तिचं म्हणणं. "आजी, तू पण बोलत जा ना आपल्या मिरचीशी," नात म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, मी एकदा एका झाडाशी बोलले होते, चांगली पाचपन्नास वाक्यं बोलले होते, आणि तेव्हापासून झाडांच्या बाबतीत मी तोंड मिटूनच काम करते. पुढचं ऐकायला तिला वेळ नव्हता, क्लास होता. म्हणून इथं लिहिते. साताऱ्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर मला वेळच वेळ आहे, कुंड्या नऊ आहेत आणि कोंबडी एकही नाही.

आमचं गाव पलूसच्या अलीकडे. घर काही फार मोठं नव्हतं, पण घराच्या मागचं परसदार घरापेक्षा मोठं. पुढच्या दारी वडिलांचं राज्य: ऊस, पाळीपाळीनं येणारं पाणी, तोडणीवाले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा. मागच्या दारी राज्य होतं तारा काकीचं. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, ज्याला आम्ही तात्या म्हणायचो, तो मिलिटरीत होता, आणि ही त्याची बायको. माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात. बुटकी, काळीसावळी, चालताना पळते आहे असं वाटावं इतकी चपळ. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात तेलाच्या डब्यात लावलेलं फणसाचं रोप. आमच्या काळ्या रानात फणस कुणी पाहिलेला नव्हता. आजी, म्हणजे तिची सासू, दारात भाकरतुकडा ओवाळायच्या आधी म्हणाली होती म्हणे, "सून आनली का जंगल?"

शिमगा सरला की परसदाराला अंगात आल्यासारखं व्हायचं. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी कोंबडा ओरडायचा, आणि भोंगा झाला की आपलाच आवाज कुणीतरी चोरला म्हणून पुन्हा चिडून ओरडायचा. काकी खुराड्याची फळी काढायची. कोंबड्या अशा धावत सुटायच्या, जशी गाडी चुकणार आहे. शेवगा शेंगांनी वाकलेला असायचा. त्याची आमटी दिवसाआड असायची, आणि शेंगा चोखताना माझ्या तोंडाचे आवाज ऐकून आजी म्हणायची, "हिला सासरी चमच्यानं जेवाया शिकवा रं कुनीतरी." पेरूवर राघू, मांडवावर दोडक्याचा वेल चढू लागलेला, नुकतीच फुटलेली भेंडी, वांग्यांचा शेवटचा तोडा. न्हाणीचं पाणी पाटानं अळूला, अळूतून केळीला, केळीतून फणसाला. वेलावर किडा दिसला की काकी चुलीतली राख मुठीत घेऊन फुंकायची, पानांवर आणि थोडी आमच्यावरही. एखादी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून नुसती फुगून बसायला लागली, की काकी डालग्यात भुसा घालून तेरा अंडी मांडायची, प्रत्येकावर कोळशानं फुली मारायची आणि कोंबडीच्या कानात सांगायची, "बस गं बाये, एकईस दिस. मी हाय." ते "मी हाय" मला अजून ऐकू येतं.

मी तेव्हा आठवीत होते आणि आठवीतल्या मुलीला जगातलं जेवढं कळायला हवं त्याच्या दुप्पट मला कळतं अशी माझी पक्की खात्री होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी राजा झाले होते. पुठ्ठ्याची तलवार हातात आणि डोक्यातली वाक्यं सगळी पळालेली, तेव्हा मी मनाची वाक्यं ठोकून दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझा नाश केला. त्यानंतर चार माणसं जिथं उभी दिसतील ती जागा मला स्टेज वाटायची. परसातल्या कोंबड्यांना मी गावातल्या बायकांची नावं ठेवली होती. एक कोंबडी कायम दुसऱ्याच्या दारात जाऊन अंडी घालायची, तिचं नाव सोनाक्का. खरी सोनाक्का आमच्या शेजारी राहायची, आणि मी एकदा अंगणातून "सोनाक्का, शिट! शिट! मेले, घरात शिरतीस व्हय!" म्हणून ओरडले, तेव्हा ती नेमकी कुरडयांचं पीठ घेऊन दारातून आत येत होती. त्या दिवशी आजीनं माझी पाठ किती शेकली ते लिहीत नाही. नात वाचेल.

कुरडयांचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण सगळं तिथंच सुरू झालं. उन्हात बाजेवर कुरडया वाळत होत्या आणि कोंबड्या हाकायला काठी घेऊन मी पेरूखाली बसले होते. आजी आणि सोनाक्का पडवीत मिरच्यांची देठं खुडत होत्या. काकी विहिरीवर गेली होती. मी झोपले आहे असं समजून आजी म्हणाली, "औंदा तात्या सुट्टीवर आला की ईषय काढते. आठ वर्सं वाट बघितली. झाड चांगलं हाय गं, कामाला वाघ हाय, पर फळ न्हाई त्येला काय करायचं? जागा अडवून बसल्यासारखं झालंय." सोनाक्का म्हणाली, "पोरगी हाय का बघितलेली?" "हाय की. माझ्या मामेबहिणीची नात. पाव्हन्यातलीच. हिला काय हाकलून देनार न्हाई, ऱ्हाईल की ही बी. कोंबड्या, म्हस कोन बघनार न्हाईतर?" मग दोघींना मिरचीचा ठसका लागला आणि मलाही, आणि मी जागी असल्याचं उघड झालं. आजीनं माझ्याकडं बघितलं आणि मला गुळाचा खडा दिला. गूळ खाऊन मी गप्प राहिले. एवढ्यावर गप्प राहणारी मुलगी होते मी; पण गूळ विरघळेपर्यंतच.

आमच्याकडे एक रीत होती. फळ न देणाऱ्या झाडाला दम द्यायचा. अमावस्येच्या सकाळी एकानं कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभं राहायचं, तिच्या उलट्या बाजूनं खोडावर तीनदा ठोकायचं आणि विचारायचं, "फळतोस का तोडू?" मग झाडामागं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसानं झाडाच्या वतीनं हात जोडायचे: "नगं, नगं, येत्या सालाला फळंल, मी जामीन." मग कुऱ्हाड खाली. झाड घाबरतं आणि पुढच्या साली फळतं. न फळलं तर पुन्हा दम. दम देणारा पुरुष असायचा, आणि जामीन राहायचं ते झाड लावणाऱ्यानं. कुणी जामीन राहिलंच नाही तर झाडावर खरंच घाव घालायचा, नाहीतर बाकीची झाडंही शेफारतात, असं म्हणत. तशी वेळ कधी आली नव्हती. कुणीतरी "नगं" म्हणतंच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, आजीनं ठरवलं की फणसाला दम द्यायचा. झाडाला आठ वर्षं झाली होती आणि पानांपलीकडे त्यानं काही दिलं नव्हतं. वडील उसाच्या गाड्यांबरोबर कारखान्यावर. आजी म्हणाली, मग पुढच्या अमावस्येला बघू. मी म्हटलं, "पुढच्या कशाला? मी हाय की!" आजीला वाटलं असेल, पोरीची हौस. सोनाक्का आणि आणखी तीनचार बायका सांडगे घालायला आल्या होत्या, त्या भरल्या हातांनीच उठल्या. म्हणजे प्रेक्षक आले. काकी दोडक्याचे वेल सुतळीनं बांधत होती, ती तिथूनच म्हणाली, "शाले, पाय संबाळ, कुऱ्हाड बोथट हाय पर पाय तुझाच हाय." आणि हसत फणसामागं येऊन उभी राहिली. जामीन तिनंच राहायचं होतं. रोप तिचं होतं.

मी कुऱ्हाड घेतली. खोडावर तीन टोले दिले. "फळतोस का तोडू?" एवढंच म्हणायचं होतं. शंभर पिढ्या एवढंच म्हणत आल्या होत्या. पण समोर सहा बायका, हातात पुठ्ठ्याची नव्हे तर खरी कुऱ्हाड, आणि माझ्या अंगात पुन्हा तो राजा शिरला. मी पदर नसताना पदर खोचला आणि गर्जना केली, "ए फणसा! आठ वर्सं झाली! न्हानीचं पानी पिलास, श्यानखत खाल्लंस, आमच्या जिवाव उंच झालास, आन दिलंस काय? नुसता पाला!" बायका हसल्या. हसल्या म्हणून मी चढले. "जागा अडवून बसलायस नुसता! आता तात्या सुट्टीवर येऊ दे. तुज्या शेजारी दुसरं रोप आनून लावनार हाय आमी! रोप बघून बी ठेवलंय! पाव्हन्यातलंच हाय!"

मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. लहान होते, झाडाबद्दलच बोलत होते, असं. आता या वयात खोटं बोलून कुणाकडून गूळ मिळायचा आहे? अर्धं कळलं होतं. आणि जे कळलं होतं ते मला त्या क्षणी टाळ्यांपेक्षा स्वस्त वाटलं.

टाळ्या आल्या नाहीत. सोनाक्काच्या हातातला सांडग्याचा गोळा तसाच राहिला. आजीनं डोळे मिटले. मी वाट बघत उभी राहिले, कारण माझं काम झालं होतं आणि आता फणसामागून "नगं" यायला हवं होतं. ते येईना. मी दबक्या आवाजात म्हटलं, "काकी, म्हन की." फणसामागं हालचाल नाही. कुऱ्हाड मी डोक्यावर धरली होती आणि माझे हात भरून आले होते. खाली आणावी तर झाडावर घाव बसणार, आणि तशीच धरावी तर माझ्याच टाळक्यात पडणार, अशी त्या महाराजांची अवस्था.

काकी झाडामागून पुढं आली. रडत नव्हती. सुतळीचं एक टोक अजून बोटाला गुंडाळलेलं होतं, ते ती शांतपणे सोडवत होती.

"आत्याबाई, कुटलं रोप बघितलंय?"

"पोरीचं काय मनाव घेतीस? तिला काय अक्कल हाय?" आजी म्हणाली.

"अक्कल न्हाई. पर खोटं बोलायची बी अक्कल न्हाई तिला." काकीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आत्याबाई, आठ वर्सांत मी तुमास्नी उलटून बोलले न्हाई. आज बोलते. तुमचं ल्योक वर्सातनं दोन म्हैनं घरी येत्यात. त्यातलं निम्मं रानात, निम्मं पाव्हन्यांच्या जत्रंत. ऱ्हायलेल्या दिसात घर भरून मानसं, आन मी चुलीम्होरं. दुसरी आना, तिसरी आना, ती बी हितं माज्यासंगं कोंबड्याच राखत बसंल. ल्योक तिकडं, सून हिकडं. लेकरू काय मनिऑर्डरीनं येतंय व्हय?"

सोनाक्काच्या तोंडातून असा काही आवाज निघाला की कोंबड्या दचकल्या. तिनं लगेच पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलत होते. बाकीच्या बायका खाली बघून सांडगे नसलेल्या जागी सांडगे घालायला लागल्या.

"मग जायाचं हुतंस त्येच्यासंगं," आजी म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "कुनी धरलं हुतं?"

"तुमी. दोनदा क्वार्टर मिळत हुतं. दोनदा तुमी म्हनलासा, परसदार कोन बघंल, म्हस कोन पिळंल, कोंबड्या कोन बघंल. मी ऱ्हायले. बघा, समदं हाय. वांगी हायत, दोडका हाय, तेरा अंडी डालग्यात हायत. ज्ये तुमी मागितलं त्ये समदं उगवलंय हितं. ज्याला मी एकटी पुरत न्हाई, तेवढंच न्हाई उगवलं."

आजीनं खरंच बघितलं. हळूहळू मान फिरवून तिनं ते सगळं परसदार बघितलं, शेवग्यापासून खुराड्यापर्यंत, जणू कुणाच्या तरी दुसऱ्याच घरी ती पहिल्यांदा आली होती. ती काय विचार करत होती मला माहीत नाही. तिला एवढंच कळलं असेल की हे सगळं एका माणसाच्या हातचं आहे आणि ते माणूस आपण इथं अडकवून ठेवलं. किंवा कदाचित आता म्हशीचं काय, एवढंच. माझ्या आजीच्या मनात दोन्ही एकदम मावत होतं.

आणि तेवढ्यात मी, जिला या घटनेत गप्प राहण्याची शेवटची संधी होती, मी ओरडले, "आता कुनीतरी नगं म्हना की गं! माजं हात तुटाय लागलं!"

"नगं," आजी म्हणाली. मग घसा साफ करून, रीतीप्रमाणे हात जोडून, झाडाकडं न बघता सुनेकडं बघत म्हणाली, "नगं तोडू. मी जामीन."

मी कुऱ्हाड टाकली. ती माझ्या पायावर पडली नाही, हे त्या दिवसातलं माझं एकमेव कर्तृत्व.

तात्या आठ दिवसांनी आला. खाकी ट्रंक, मिशा, नवी चप्पल. आजीनं त्याला चहा दिला आणि बशी त्याच्या ओठाला लागताच विषय काढला. फक्त विषय बदलला होता. "जाताना हिला घिऊन जायाचं. क्वार्टरचा अर्ज आजच लिव." तात्या सरहद्दीवर कसा वागायचा ठाऊक नाही, पण त्या वेळी त्यानं बशीतला निम्मा चहा मांडीवर सांडला. पहिला प्रश्न त्यानं काय विचारला असेल? "मग परसदार कोन बघंल?" मायलेक एकाच मातीचे. आजीनं बोट माझ्याकडं केलं. "ही. हिचं त्वांड लय चालतंय. जरा हात बी चालू देत."

जायच्या आधी काकीनं मला सगळं शिकवलं. कुठल्या वाफ्यात काय, किती दिवसांनी अंडी उजेडाला धरून बघायची, घार आली की पिल्लं कुठं पळवायची. एका संध्याकाळी डालग्याशेजारी बसून मी माफी मागायचा प्रयत्न केला. त्यातही मी दोनचार नाटकी शब्द घातले असणार, कारण तिनं माझा कान धरला आणि चांगला पिळला. "तू बोलली नसतीस तर मी बी बोलले नसते," ती म्हणाली. "पर म्हनून तुजं बरोबर हुतं असं न्हाई, शाले. दोन येगळ्या गोष्टी हायत." आणि कान सोडून त्याच हातानं तिनं माझे केस सारखे केले.

मग ती गेली आणि परसदार माझ्या हाती आलं. पहिल्या पंधरवड्यात मी वांग्यांच्या कोवळ्या रोपांना कोंबड्यांचं ताजं खत भरपूर घातलं, थोडं चांगलं तर जास्त अधिक चांगलं या न्यायानं. रोपं जळून काळी पडली. मी त्यांच्यावर पाणी ओतलं. मग ती काळी आणि ओली झाली. खुराड्याची फळी एकदा उघडी राहिली आणि मुंगसानं दोन कोंबड्या नेल्या, त्यातली एक सोनाक्का. खऱ्या सोनाक्कानं दुखवट्याला येऊन विचारलं, "माजं तेरावं कवा करनार हाईस?" आजी पडवीत बसून हे सगळं बघायची आणि म्हणायची, "करा, करा. चांगलं चाललंय. अजून दोनचार झाडं उभी हायत, तेवढी राहिली." पण पहाटे उठून कधीकधी ती माझ्या आधी खुराड्याशी गेलेली असायची. एकदा सवयीनं तिनं "तारा गं" अशी हाक मारली. मग बराच वेळ ती कोंबड्यांना दाणे टाकत राहिली, त्यांना नको झाले तरी.

फणसाला कधीच फळ आलं नाही. काळ्या रानात पाणी तुंबतं, फणसाला ते सोसत नाही, असं पुढं एका शेतकीवाल्यानं सांगितलं. कोंबड्या त्याच्यावर झोपायच्या. आणि हे पान वाचून माझी सून आत्ताच विचारून गेली, तसं तुम्हीही विचाराल: काकीला मूल झालं का? नाही झालं. ती तात्याबरोबर कुठकुठल्या छावण्यांत राहिली, प्रत्येक क्वार्टरमागं शेवग्याची फांदी रोवून आली, हिंदी अशी बोलायला लागली की आजीला ते ऐकून हसू आवरायचं नाही. दुसऱ्या रोपाचं नाव मात्र आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वर्षीच्या चैत्रात गावच्या जत्रेला पाहुणे जमले. अंगणात पंगत बसली होती, मी भाताचं पातेलं घेऊन वाढत होते. आजीच्या शेजारी तिची तीच मामेबहीण, त्या बघून ठेवलेल्या पोरीची आजी, बसली होती. रश्शाचा भुरका मारून तिनं, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "धाकट्या सुनंचं काय मग, आक्का? काय ग्वाड बातमी?"

"हाय की," आजी म्हणाली. "परवाच कागद आलाय. अकरा."

"अकरा?"

"तेरा ठेवली हुती. दोन नासली. अकरा पिल्ली निघाली, समदी जिती हायत. मिलिटरीत कोंबड्या पाळाय बंदी हाय, पर सायबाच्या बायकूला अंडी देती, मग कोन इचारतंय?"

"तसं न्हाई गं आक्का, मी म्हंते..."

"तू काय म्हंतीस त्ये कळतंय मला," आजी म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "शाले, हिला भात वाढ. आजून वाढ. त्वांड रिकामं हाय हिचं."